आठवा फॉर्मा

मी शेख जिलानी, जिल्दसाज.
जिंतूरला, नगरपालिकेच्या मागं, पत्र्याच्या टपरीत.
पुस्तक किती वाचलं गेलं
ते मला पाठीवरून कळतं, हमालाचं कळावं तसं.
लोणच्याचं पुस्तक दर दोन वर्षांनी येतं, तेलकट होऊन.
पोलीस भरतीचं गाइड कणा मोडूनच येतं.
भुताच्या गोष्टींचं शेवटचं पान
कुणीतरी घरी नेलेलं असतं.
आबा दैठणकरांची कादंबरी
एकतीस वर्षांत एकदाही आली नाही.

आबा आमचेच. म्हणजे जन्म इथला;
सहा महिन्यांचे होते तेव्हा पुण्याला नेलं.
त्यांच्या नावाचा चौक आहे, व्याख्यानमाला आहे,
चौकातल्या पानाच्या ठेल्यावर फोटो आहे,
उदबत्तीनं डावा गाल काळा पडलेला.

एका रात्री वाकडीकर सर आले, पिशवीत कादंबरी.
'जिलानीभाई, आबा यायलेत रविवारी.
हातात घेऊन बघतील.
जरा वाचल्यासारखी करून द्या.'

कोपरे दुमडायचे पंचवीस रुपये सांगितले.
चहाचे डाग, दहाला एक.
हळदीच्या बोटांचे ठसे बायकोनं उमटवले, फुकट.
राहिल्या पेन्सिलीच्या खुणा.
सर म्हणाले, कुठंबी करा.
पण कुठंबी करायला माझा हात होईना,
म्हणून मी वाचायला बसलो.

एकशे बारा पानं
आबांचा नायक खिडकीत उभा होता.
एकशे तेराव्या पानावर शेळी आली.
मला वाटलं, बरं झालं, कुणीतरी आलं.
शेळीला हगवण लागली.
मग गोठ्यात चुना मारला,
मग करडांना चीक कधी पाजावा, किती पाजावा.
एकशे एकोणतिसाव्यावर
नायक परत खिडकीत.

बोटं मोजायची गरज नव्हती. सोळा पानं, एक फॉर्मा.
छापखान्यात कुणाचा तरी डोळा लागला
आणि शेळीपालनाचा गठ्ठा यात शिवला गेला.

सकाळी सरांना सांगितलं.
सरांनी आधी दार लावलं.
'हळू बोला हो.
आठव्या प्रकरणातल्या मौनावर माझी पीएच.डी. आहे.'
मी म्हणलं, सर, मौन नाही, शेळी आहे.
ते बराच वेळ खिडकीत उभे राहिले.

रविवारी आबा आले. शाल, श्रीफळ, फेटा,
त्यांचे पाय लागलेल्या सतरंजीसाठी
मागच्या बाजूला दोघांची बाचाबाची.
मग पुस्तक त्यांच्या हातात.
आबांनी हळदीचा ठसा पाहिला, त्यावर बोट ठेवलं,
अगदी हळू.
माझ्या खुणेपाशी पान उघडलं.
चष्मा खाली घेतला, वर केला.
आणि माइकजवळ तोंड नेऊन, त्याच त्यांच्या जड आवाजात:

'तिला अंधाऱ्या, दमट जागेत कोंडू नये.
ती सांगणार नाही, पण तिचा जीव गुदमरतो.'

मांडव गप्प.
पहिल्या रांगेत वकिलीणबाई रडायला लागल्या.
बाईचं दुःख आबांनीच जाणावं, कुणी म्हणालं.
कडेला उभी कौसाबाई खरात, तिच्या चार शेळ्या,
ती म्हणाली, खरंय बाबा,
आणि दुसऱ्या दिवशी गोठ्याला झरोका पाडला.

आबांना कळलं का?
त्यांचं तोंड दिसत नव्हतं, हार फार होते.

मला आता झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं.
आबांची खरी सोळा पानंही कुठंतरी शिवली गेली असतील.
कुठल्या तरी तांड्यावर, रात्री दोन वाजता,
कंदिलाशी कुणी घाईनं ते दुसरं पुस्तक उघडलं असेल,
शेळी पाय खोडतेय, पोट फुगलंय,
आणि पानावर एक माणूस
खिडकीत उभा.